बारा तास झाले, मशीनवर शून्य आलं. मग विमान घेऊन निघायचं का?

पार्लेकर_पंख (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. फ्लाइंग शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी पुढच्या महिन्यात पार्ल्यात दीड तासाचं सत्र आहे. बहुतेक मुलं मुंबईतलीच, धुळे, जळगाव, गोंदियाकडे जाणारी. माझ्याकडे विषय आलाय 'उडण्याआधी स्वतःची तपासणी'.

नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. विमान नियम १९३७ मधला नियम २४, उड्डाणाआधी १२ तास दारूचा थेंब नाही, आणि मशीनमध्ये फुंकल्यावर आकडा ०.०००. अडचण अशी की मुलं हे परीक्षेतल्या उत्तरासारखं पाठ करतात आणि मग 'बारा तास झाले, शून्य आलं, म्हणजे मी फिट' असं धरून चालतात. माझ्या मते हे धोक्याचं आहे. चार सीटच्या विमानात चूक पकडायला शेजारी दुसरा कॅप्टन नसतो, आणि सोलोला, म्हणजे एकट्याने उडताना, तर इन्स्ट्रक्टरही खाली उभा राहून बघत असतो. शिवाय नुसत्या दारूवर बोलून भागत नाही. सर्दीची गोळी, जागरण, केबिनमध्ये शिरणारा धूर, हे सगळं त्यात आलं.

जाणकारांनी नेमकं सांगा: किती घेतलं तर किती वेळ, काय बिघडतं आणि का बिघडतं. 'दारू वाईट' एवढंच सांगितलं तर मुलं ऐकत नाहीत, कारण समजलं तर ऐकतात.

रनवे_शून्यआठ

ताई, हेतू चांगला आहे, पण थोडा असहमत. आपला नियम आधीच कडक आहे. अमेरिकेत ८ तास आणि रक्तात ०.०४ टक्क्यांच्या आत चालतं. ब्रिटनमध्ये १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅमपर्यंत. आपल्याकडे गाडी चालवायला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, विमानाला शून्य. उड्डाणाआधी पहिल्यांदा सापडलात तर लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. फुंकायला नकार दिला तरी पॉझिटिव्हच धरतात. एवढं असताना 'शून्य म्हणजे फिट नव्हे' असं सांगून मुलांच्या मनात गोंधळ कशाला? मशीन शून्य म्हणतंय तर शून्य.

नाडीपरीक्षा

मशीन शून्य म्हणतं ते फुप्फुसातून आलेल्या हवेबद्दल. कानाबद्दल आणि मेंदूबद्दल ते काहीच सांगत नाही. पण कानाकडे नंतर येते, आधी हिशेब, कारण बारा तासांत शून्य येईलच हेही गृहीत धरता येत नाही.

आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्के अल्कोहोलची. ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये २५.७ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे वजनात साधारण २० ग्रॅम. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम. ६५० मिलीची ५ टक्क्यांची बिअर म्हणजे साधारण २६ ग्रॅम. तीच बाटली ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४१ ग्रॅम. म्हणजे 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्याच्या एका स्ट्राँग बाटलीत दोन लार्ज पेग असतात.

यकृत तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम संपवतं. हा वेग कॉफीने, लिंबूपाण्याने, थंड पाण्याच्या आंघोळीने किंवा धावून वाढत नाही. सकाळचा तथाकथित उतारा घेतल्याने तर भरच पडते.

आता तीन स्ट्राँग बिअर धरा, रात्री ८ ते ११ या वेळात. १२३ ग्रॅम. तासाला १० ग्रॅम संपवणारं शरीर सकाळी साडेआठच्या सुमारास रिकामं होईल. ७ ग्रॅमवाल्याला दुपारचा दीड वाजेल. शेवटच्या घोटापासून १२ तास सकाळी ११ ला पुरे होतात. म्हणजे नियमाचे बारा तास अक्षरशः पाळूनही दुसरा माणूस अकरा वाजता दारू अंगात घेऊन विमानाकडे चाललेला असेल. अंगकाठी बारीक असेल तर त्याच प्रमाणात रक्तातला आकडाही जास्त चढतो.

घाटकोपर_ते_गोंदिया

क्वार्टरचा ग्रॅममध्ये हिशेब पहिल्यांदाच वाचला. हे कोष्टक सत्रात फळ्यावर हवंच.

नाडीपरीक्षा

आता कान. अंतर्कर्णात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, आत द्रव, आणि त्या द्रवात कपुला नावाचा जेलीसारखा पडदा. एरवी पडद्याची घनता आणि द्रवाची घनता सारखी असते, म्हणून डोकं फक्त कललं तर पडदा हलत नाही, वळलं तरच हलतो. 'मी फिरतोय' हे मेंदूला तिथून कळतं.

अल्कोहोल पाण्याहून हलकं. ते आधी पडद्यात शिरतं, कारण पडद्याला रक्तपुरवठा जवळचा. पडदा हलका होऊन द्रवात तरंगू लागतो, आणि आडवं पडलं की खोली फिरते. तीन-चार तासांनी द्रवातही अल्कोहोल पोचतं, समतोल येतो, माणसाला वाटतं उतरली. मग उलट सुरू होतं. पडद्यातलं अल्कोहोल आधी निघून जातं, द्रवातलं मागे राहतं, पडदा आता जड ठरतो आणि बुडू लागतो. हा दुसरा टप्पा रक्तातला आकडा शून्य झाल्यावरही काही तास चालतो.

खुर्चीत सरळ बसलेल्याला तो जाणवतही नाही. पण वळणात असताना खाली पडलेली पेन्सिल उचलायला किंवा फ्युएल सिलेक्टर (इंधनाची टाकी निवडायची कळ) बघायला मान वाकवली की डोळे आपोआप सरकू लागतात आणि अंगाला खोटं वळण जाणवतं. बाहेर स्वच्छ क्षितिज असेल तर निभावतं. हिवाळ्यात सकाळी मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्र आणि आकाश एकाच राखाडी रंगाचे असतात, तिथे डोळ्यांना धरायला रेषच नसते.

रनवे_शून्यआठ

डॉक्टर, कानाचं माहीत नव्हतं, मान्य. पण शून्य आल्यावर प्रत्यक्ष उडवण्यात फरक पडतो याला काही मोजमाप आहे का? की नुसतं तत्त्व?

नाडीपरीक्षा

मोजमाप आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९८६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पी-३ ओरायन विमानाच्या १० वैमानिकांना रक्तात ०.१० टक्क्यांपर्यंत दारू देऊन १४ तासांनी सिम्युलेटरवर बसवलं. कामगिरी बिघडलेली होती, आणि आपण बिघडलो आहोत हे त्यांना स्वतःला कळत नव्हतं. चौदा तास, म्हणजे आपल्या नियमाच्याही पुढे दोन तास.

कमी प्रमाणाचंही मोजलंय. १९७३ चा एक अभ्यास प्रत्यक्ष सेसना १७२ या चार सीटच्या विमानात, शेजारी सेफ्टी पायलट ठेवून झाला. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याची परवानगी) असलेले १६ वैमानिक होते. ०.०४ टक्क्यांवरच पद्धतीतल्या चुका वाढल्या.

रनवे_शून्यआठ

बरं. माझा मुद्दा मागे घेतो. 'शून्य हवंच, पण शून्य पुरेसं नाही' असं सांगा मुलांना.

उजवी_सीट

डॉक्टरांनी आतलं सांगितलं, मी बाहेर काय दिसतं ते सांगतो. बिघडलेला वैमानिक झिंगत चालताना दिसेल ही अपेक्षा सोडा. आधी जातं ते लक्ष वाटून देणं. एक काम नीट होतं, दुसरं गळतं.

सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, सगळ्यात वाईट जागा म्हणजे बेसवरून (रनवेला काटकोनातल्या बाजूवरून) फायनलला (रनवेच्या सरळ रेषेत) वळताना. सेसना १७२ फ्लॅप्स (पंखांमागच्या झडपा) वर असताना सरळ उड्डाणात साधारण ४८ नॉटला स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल (लिफ्ट) जाते. उंची न सोडता ४५ अंश कललात तर स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढून ५७ वर जातो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी वाढून ६८. आणि ॲप्रोच, म्हणजे उतरायला येताना, आपण ६५ च्या आसपास उडवतो. आता वळण उशिरा घेतलं, रनवेची रेषा ओलांडली, तर ताज्या डोक्याचा माणूस म्हणतो 'गेलं, गो-अराउंड' (न उतरता पुन्हा वर). मंद डोकं म्हणतं 'बसवतो'. तो बँक (विमानाचा कल) वाढवतो, आतल्या बाजूचा रडर (शेपटीचं सुकाणू, पायाने चालवायचं) दाबून नाक ओढतो, नाक खाली जातंय म्हणून योक (हातातलं स्टिअरिंग) मागे घेतो. वेग कमी, रडर आत, योक मागे: स्पिनला (गिरक्या घेत कोसळायला) लागतं ते सगळं जमा झालं, आणि उंची जेमतेम ५०० फूट. तिथून सावरायला जागाच नसते.

दुसरी जागा गो-अराउंड. क्रम ठरलेला: पूर्ण थ्रॉटल, जुन्या मॉडेलला कार्ब हीट (कार्ब्युरेटर तापवायची कळ) आत, फ्लॅप्स ३० वरून २० वर, चढतंय याची खात्री, मग उरलेले फ्लॅप्स टप्प्याटप्प्याने. दमलेला किंवा गुंगीतला हात फ्लॅप्सचा लिव्हर एकदम वर नेतो. लिफ्ट एकाएकी जाते आणि विमान खाली बसतं.

विद्यार्थ्यात बघायच्या खुणा: एटीसीचं (हवाई वाहतूक नियंत्रकाचं) वाक्य परत म्हणताना एक आकडा चुकणं, तेच चेकलिस्ट दोनदा सुरू करणं, ट्रिम (योकवरचा ताण काढायचं चाक) विसरून योकशी झटापट, आणि फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) दरवेळी वेगळ्या उंचीवर. यातल्या दोन दिसल्या की मी फुल स्टॉप लँडिंग सांगतो. कारण नंतर विचारतो.

बोरिवलीचा_बाप्पा

'आठ हजार फुटांवर एक पेग दोनाचं काम करतो' असं ऐकून आहे. खरं का?

नाडीपरीक्षा

जसंच्या तसं नाही. उंचीवर गेल्याने रक्तातलं अल्कोहोल दुप्पट होत नाही. होतं असं की वर हवेचा दाब कमी, म्हणून रक्तात ऑक्सिजन कमी चढतो. अल्कोहोल पेशींना मिळालेला ऑक्सिजन वापरू देत नाही. दोन वेगळ्या वाटांनी मेंदूची उपासमार होते आणि दोन्हींची बेरीज होते. सह्याद्री ओलांडायला साडेसात-आठ हजार फुटांवर गेलेला हँगओव्हरवाला माणूस जमिनीवर असतो त्याहून नक्कीच खराब असतो. पण 'दुप्पट' हा आकडा सत्रात देऊ नका. एखादं हुशार पोर खोडून काढेल आणि मग बाकीचंही कुणी ऐकणार नाही.

दादरचा_औषधवाला

आता गोळ्यांकडे या, कारण दारूला मुलं घाबरतात, गोळीला नाही.

काउंटरवर 'सर्दीची गोळी द्या' म्हटलं की जे मिळतं त्यात बहुधा पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पहिल्याने ताप, दुसऱ्याने नाक. झोप आणतं ते तिसरं. त्याचं अर्ध-आयुष्य साधारण २० तासांचं. औषध अंगातून जवळपास निघून जायला पाच अर्ध-आयुष्यं लागतात, म्हणजे १०० तास, चार दिवसांहून जास्त. झोप येणं थांबल्यावरही प्रतिक्रिया मंद असतातच. काही गोळ्यांत कॅफिन घातलेलं असतं. त्याने झोप झाकली जाते, मंदपणा जात नाही.

डायफेनहायड्रामिन खोकल्याच्या कित्येक सिरपमध्ये असतं. अमेरिकेत १९९० ते २०१२ या काळात अपघातात गेलेल्या वैमानिकांच्या रक्ताचा अभ्यास झाला, त्यात गुंगी आणणाऱ्या औषधांत हेच सगळ्यात जास्त वेळा सापडलं. त्यातले बहुतेक वैमानिक लहान खासगी विमानांचे. तिथला नियामक या औषधानंतर ६० तास थांबायला सांगतो.

सेट्रिझिनला लोक 'झोप न आणणारी' म्हणतात. तिनेही गुंगी येते, ४८ तास थांबा. फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन त्या मानाने बरी, पण तीही आधी जमिनीवर घेऊन पाहिलेली असावीत आणि विमान-वैद्यकाला विचारलेली असावीत. पाकिटावरचं ब्रँडचं नाव वाचून काही कळत नाही. मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. एकाच ब्रँडच्या 'प्लस', 'कोल्ड' आणि साध्या गोळीत घटक वेगवेगळे असतात.

उजवी_सीट

@दादरचा_औषधवाला, अगदी. आणि त्याच्याही आधीचा मुद्दा, सर्दी असताना उडूच नये. गोळीने नाक मोकळं वाटतं, वर जाताना कान फुटफुटून हवा बाहेर जाते. खाली येताना हवा आत जायला युस्टेशियन नळी उघडावी लागते आणि सुजलेली नळी उघडत नाही. दाबाचा बदल जमिनीजवळ सर्वात वेगाने होतो, म्हणजे कान नेमका लँडिंगच्या वेळी ठणकतो. एका कानाचा दाब सुटला आणि दुसऱ्याचा नाही, तर क्षणात गरगरतं. अडकलाच कान तर पुन्हा थोडं वर जा, नाक दाबून हलकेच फुंका, आणि मग मिनिटाला ३०० फुटांहून कमी वेगाने उतरा.

कोथिंबीर_वडी

माझी मुलगी या वर्षी जातेय म्हणून वाचतेय. घरून द्राक्षासव, काढा, होमिओपॅथीचे थेंब असं देतो आपण. त्यात काय धोका?

दादरचा_औषधवाला

काकू, चांगला प्रश्न. आसव आणि अरिष्ट ही आंबवूनच करतात. द्राक्षासव, अशोकारिष्ट, अश्वगंधारिष्ट यांत स्वतः तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. बिअरइतकं किंवा तिच्याहून जास्त तीव्रतेचं, फक्त डोस चमचाभर. होमिओपॅथीचा मदर टिंक्चर तर अल्कोहोलमध्येच असतो. मशीनला शून्य हवं असल्याने चमचाभरही महागात पडू शकतो. २०२३ च्या दुरुस्तीत अल्कोहोल असलेला माउथवॉश आणि टूथ जेलही वैमानिकांना स्पष्टपणे वर्ज्य केलाय. घरी उकळलेला तुळस-आलं-गवती चहाचा काढा खुशाल द्या.

रनवे_शून्यआठ

काकू, एक जोड. आकडा आला तर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी चाचणी होते, मधल्या वेळात चूळ भरता येते. तोंडात राहिलेला वास तेवढ्यात उडून जातो, रक्तातलं जात नाही. हातावरचं सॅनिटायझर पूर्ण वाळल्याशिवाय नळी हातात घेऊ नये हेही लेकीला सांगा.

कोथिंबीर_वडी

मनापासून आभार. आजच डबा पुन्हा भरते.

तेलकट_हात

मेंटेनन्सवाला आहे, म्हणून धुराचं सांगतो. वैमानिक न पिता, न गोळी घेता गुंगीत जातो तो कार्बन मोनॉक्साइडमुळे.

पिस्टन इंजिनच्या छोट्या विमानात केबिन हीटरला वेगळा बर्नर नसतो. एक्झॉस्टच्या मफलरभोवती पत्र्याचं कवच, समोरून आलेली हवा त्या दोघांमधून फिरते, तापते आणि केबिनमध्ये येते. मफलरला केसाएवढी चीर पडली की गरम हवेबरोबर धूर आत. 'मुंबईत हीटर कोण लावतो' असं म्हणू नका. डिसेंबरात धुळ्याला सकाळी सातच्या सर्किटला लावतात. शिवाय हीटर बंद असला तरी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून) केबल जिथे आत येतात तिथले रबरी ग्रोमेट (भोकाच्या कड्या) कडक होऊन फुटतात, दाराचे सील गेलेले असतात, तिथूनही शिरतो.

तपासणी अशी. कवच उतरवायचंच, वरून टॉर्च मारून भागत नाही. मफलरवर राखाडी-पांढरा फराटा दिसला तर तिथून गळती. मग व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी बाजू एक्झॉस्ट पाइपला लावून हलका दाब द्यायचा आणि जोड, वेल्ड, क्लॅम्प यांवर साबणाचं पाणी सोडायचं. बुडबुडे आले की सुटा भाग काढून दुरुस्तीला. वेल्डच्या कडेला बुडबुडे अगदी बारीक येतात, साबुदाण्याएवढेही नाही, म्हणून घाई न करता एकेका जागी थांबून बघायचं.

केबिनमध्ये चिकटवायचं ठिपक्याचं कार्ड मिळतं, धूर आला की ठिपका काळा पडतो. पाकीट फोडल्यावर त्याचं आयुष्य महिन्यांत मोजायचं, वर्षांत नाही. फोडल्याची तारीख मागे लिहा. आणि कार्ड ओरडत नाही, बघावं लागतं. गुंगीतला माणूस बघत नाही. म्हणून आवाज करणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर घ्या.

नाडीपरीक्षा

तेलकट_हात यांनी फार महत्त्वाचं लिहिलं. हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीने हा वायू धरतं. आधी कपाळ ठणकतं, मग मळमळ, मग 'सगळं ठीक आहे' असा शांतपणा. तो शांतपणा जीवघेणा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला ऑक्सिजन लागलेलं आणि मोनॉक्साइड लागलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही, तो खुशाल ९८ दाखवतो.

२१ जानेवारी २०१९ ला फुटबॉलपटू एमिलियानो साला याला नेणारं पायपर मालिबू इंग्लिश खाडीत पडलं. ब्रिटिश तपासात त्याच्या रक्तातलं ५८ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं आढळलं. एकाच इंजिनाचं, एकाच वैमानिकाचं विमान होतं.

संशय आला की: हीटर बंद, बाहेरच्या हवेचे सगळे व्हेंट उघडे, खिडकी उघडता येत असेल तर उघडा, ऑक्सिजन असेल तर लावा, जवळच्या रनवेवर उतरा. आणि उतरल्यावर 'आता बरं वाटतंय' म्हणून पुन्हा वर जाऊ नका. साध्या हवेत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच चार-पाच तास लागतात.

अरबी_वारा

थोडं अवांतर, पण धागा मुंबईचा आहे म्हणून. जुहूचा तळ १९२८ चा. जेआरडींना देशातलं पहिलं वैमानिक लायसन्स १९२९ मध्ये मिळालं, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला ते पस मॉथ या छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूलाच उतरले. एक इंजिन, एक माणूस, रेडिओ नाही. त्या काळी चुकीला झाकणारं काहीच नव्हतं. आजही सोलो विद्यार्थ्याची परिस्थिती फार वेगळी नाही, म्हणून हा विषय इथे शोभतो.

पार्लेकर_पंख

छान आठवण. सत्राची सुरुवात यानेच करते. जागरणाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

उजवी_सीट

जागरणाचा आकडा मुलांना पटतो. १९९७ च्या एका अभ्यासात सलग १७ तास जागं राहिल्यावरची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकी घसरली, २४ तासांनंतर ०.१० टक्क्यांइतकी. म्हणजे विसर्जनाची मिरवणूक बघून पहाटे परतलेला, एक थेंबही न घेतलेला मुलगा सकाळच्या सॉर्टीला (उड्डाणाला) दारूच्या अमलाखालच्या माणसासारखाच असतो. आणि त्याचं मशीन शून्यच दाखवणार.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने बसून जाऊन सकाळी सात वाजता ब्रीफिंगला उभं राहणं हाही त्यातलाच प्रकार. पहिल्या दिवशी फक्त ग्राउंड क्लास ठेवावा.

उपवासाचंही सांगा. खानदेशात मे महिन्यात पारा चाळिशीपार, कॉकपिट त्याहून तापलेलं, आणि वर निर्जळी एकादशी. साखर उतरते, पाणी कमी पडतं, नजर अरुंद होते. त्या दिवशी उड्डाण नको, किंवा उपवास नको.

घाटकोपर_ते_गोंदिया

होळीची भांग राहिली.

नाडीपरीक्षा

बरोबर. तिचे 'तास' वेगळेच. १९९१ च्या स्टॅनफर्डच्या चाचणीत ९ वैमानिकांना २० मिलिग्रॅम टीएचसी (गांजा-भांगेतला नशा आणणारा घटक) ओढायला देऊन २४ तासांनी सिम्युलेटरवर बसवलं. सात जणांत काही ना काही बिघाड दिसला. स्वतःला जाणवला तो एकालाच. भांग तर प्यायची, त्यामुळे चढते उशिरा, तासा-दीड तासाने, आणि उतरतेही उशिरा. टीएचसी चरबीत मुरतं. आपल्याकडे २०२२ पासून वैमानिकांची अमली पदार्थांसाठी अचानक लघवी तपासतात, त्यात गांजा-भांग, अफू, कोकेन, ॲम्फेटामिन, बार्बिट्युरेट आणि बेंझोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या पकडल्या जातात. थंडाईचा ग्लास 'प्रसाद' म्हणून आला तरी तपासणीत तो गांजाच.

बोरिवलीचा_बाप्पा

आणि समजा आपण ठीक आहोत, पण ज्याच्याबरोबर जायचंय तोच ठीक नाही? विद्यार्थ्याने सिनियरला कसं सांगायचं? हाच खरा प्रश्न वाटतो.

उजवी_सीट

@बोरिवलीचा_बाप्पा, हे जमिनीवरच करायचं, इंजिन सुरू व्हायच्या आधी. 'तुम्ही प्यायलात का' असं विचारू नये, माणूस नाकारतो आणि वाद पेटतो. स्वतःकडे घ्यायचं: 'सर, मला आज बरं वाटत नाही, मी येत नाही.' एवढं म्हणून विमानापासून लांब व्हायचं आणि लगेच, चालतानाच, चीफ इन्स्ट्रक्टरला फोन. तो एकटा निघेल अशी शंका असेल तर सरळ ऑप्स रूममध्ये (जिथून उड्डाणांचं कामकाज चालतं तिथे) सांगा, विमान रिलीज होणार नाही. यात चहाडी काही नाही.

हवेत कळलं तर योकवर झटापट अजिबात नाही. दोन माणसं एकमेकांविरुद्ध ओढू लागली की चांगलं विमानही पडतं. आधी शांतपणे एकेक सूचना: 'सर, स्पीड', 'सर, बँक'. उत्तर येत नसेल तर मोठ्याने, स्पष्ट 'आय हॅव कंट्रोल', पंख सरळ, पॉवर, थोडी उंची. मग रेडिओ. चालू फ्रीक्वेन्सीवर कुणी बोलत असेल तर तिथेच, नाहीतर १२१.५ वर मेडे (संकटाची हाक), ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) ७७०० वर. 'वैमानिक आजारी आहे' एवढं पुरतं. कारण खाली उतरल्यावर.

प्यायलेला प्रवासीही चढवायचा नाही. चार सीटच्या विमानात योक आणि रडर पेडल त्याच्या हातापायांपासून वीतभर लांब असतात.

पार्लेकर_पंख

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सत्राचा आराखडा बदलला. आधी फक्त दारूचा होता, आता पहिला अर्धा तास क्वार्टर-बिअरचा ग्रॅममधला हिशेब, मुलांकडूनच करून घेईन. मग कान, आणि त्याला जोडून बेस-फायनलचं वळण, मॉडेल विमान हातात घेऊन. मग टेबलावर सर्दीच्या गोळ्यांची पाच-सहा रिकामी पाकिटं ठेवून मागचे घटक वाचायला लावते. @दादरचा_औषधवाला, अशी पाकिटं मिळतील का? शेवटी संवादाचा सराव, एकाने सिनियर व्हायचं, दुसऱ्याने 'मी येत नाही' म्हणायचं.

@तेलकट_हात, चीर पडलेला एखादा बाद मफलर दाखवायला मिळाला तर सोन्याहून पिवळं.

दादरचा_औषधवाला

मिळतील. कबुतरखान्याजवळ या, पिशवी भरून ठेवतो. खोकल्याच्या दोन रिकाम्या बाटल्याही.

तेलकट_हात

बाद मफलर आहे. चीर वेल्डजवळ आहे, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. साबणाचं पाणी आणि पंपही आणतो, मुलांनाच शोधू दे.

अरबी_वारा

एक राहिलं. सुट्टीत मुलं तारकर्लीला स्कूबाला जातात आणि दुसऱ्या दिवशी फ्लाइंगला. त्याला काही अंतर?

नाडीपरीक्षा

हो, आठवण केलीत ते बरं झालं. पाण्याखाली दाबाने नायट्रोजन रक्तात मुरलेला असतो. वर गेल्यावर दाब उतरतो आणि त्याचे बुडबुडे होतात, सांधे दुखतात, वाईट झालं तर मेंदूवर परिणाम. साध्या, थांबे न घेता केलेल्या डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि थांबे घेत वर यावं लागलं असेल किंवा ८००० फुटांच्या वर जायचं असेल तर २४ तास. सह्याद्रीवरून जायचं म्हटलं की आपण आठ हजाराच्या आसपास असतोच, म्हणून मुलांना सरसकट २४ सांगा.